सूर उतरले, नावं राहिली

गाण्याच्या सीडीत गाण्याचं नाव नसतं. वेष्टनावर असतं, आतल्या पुस्तिकेत असतं, चकतीच्या वरच्या बाजूला छापलेलंही असतं. पण लेझरचा किरण जिथून वाचतो तिथे नसतं. तिथे नुसते आकडे असतात. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज, डाव्या कानासाठी वेगळा आणि उजव्यासाठी वेगळा. आणि अगदी आतल्या कडेला एक लहानसं कोष्टक : पहिला ट्रॅक कुठे सुरू होतो, दुसरा कुठे, शेवट कुठे. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली सीडीचे नियम ठरवले. एका चकतीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक, एका सेकंदाचे ७५ तुकडे, असं सगळं त्यात बारकाईनं ठरलेलं आहे. गाणं कुणाचं, राग कुठला, हे सीडीतच लिहायची पद्धत मात्र तेव्हा पडली नाही. १९८२मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा तशा पद्धतीची गरजही कुणाला वाटली नसेल. प्लेअरच्या पट्टीवर तीनचा आकडा उजळला की ऐकणारा हातातल्या पुस्तिकेत तिसरी ओळ बघत असे.

पुस्तिका हातात नसली की घोटाळा सुरू होतो, आणि सध्या मराठी घराघरांत तो सुरू आहे. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही, नव्या मोटारीत नाही. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस १९४८पासून चालू होतं, ते २०१६च्या फेब्रुवारीत बंद झालं. पुण्यात अलूरकरांचं दुकान होतं. लोक तिथे कॅसेट घ्यायला जायचे आणि गाण्यावर तासभर बोलून यायचे. तेही आता नाही. कपाटात मात्र हौसेनं घेतलेल्या दोनशे-तीनशे सीडी उभ्या आहेत. मग कुणाचा तरी भाचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणून देतो, आणि घरातलं निवृत्त माणूस एकेक चकती आत सरकवायला बसतं. दोन महिन्यांनी काम संपतं तेव्हा पेनड्राइव्हवर सगळं गाणं असतं आणि त्यातलं काहीही सापडत नसतं. 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', 'अननोन आर्टिस्ट'. मालकंस कुठे आहे ते शोधायला सत्तर फोल्डर उघडावे लागतात.

आवाज उतरवून घेण्याचा भाग खरं तर सोपा आहे, म्हणून तो आधी उरकू. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४ लाखांहून थोडे अधिक बिट एवढा असतो. तासाभराच्या मैफलीला सहाशे-साडेसहाशे एमबी. एमपीथ्रीत तो कमी जागेत बसतो, पण काही भाग कायमचा टाकून. फ्लॅक या पद्धतीत काहीही न टाकता तो साधारण अर्ध्या जागेत बसतो. जोश कोल्सन यांनी २००१मध्ये ती सर्वांना मोफत खुली केली. एके काळी हार्डडिस्क महाग होती तेव्हा एमपीथ्रीला अर्थ होता. आज पाचशे सीडी फ्लॅकमध्ये दोनशे जीबीच्या आत मावतात, तेव्हा पुन्हा कधी ड्राइव्हशी झटापट नको असेल तर फ्लॅकच करावं. ख्याल ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. बऱ्याच सीडींवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं, मध्ये आवाज मात्र सलग. एमपीथ्री करताना प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला-शेवटाला निमिषभर शांतता चिकटते. प्लेअर हुशार नसेल तर नेमका समेवर खड्डा लागतो. फ्लॅकमध्ये तो प्रश्नच येत नाही.

ओरखड्यांची काळजी लोक फार करतात. सीडीच्या रचनेतच चुका दुरुस्त करायची सोय आहे. सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग डाग ती पूर्ण भरून काढते. त्यापुढे प्लेअर मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाज बांधतो आणि वेळ मारून नेतो. ऐकताना ते चालून जातं, कायमची प्रत करताना चालू नये. म्हणून 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारखा प्रोग्रॅम वापरायचा. तो शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि जुळलं नाही तर तसं स्पष्ट सांगतो. जगभरच्या लोकांनी उतरवलेल्या प्रतींशी आपली प्रत ताडून बघायची 'अ‍ॅक्युरेटरिप' ही सोयही आहे. बीटल्सच्या सीडीला तिथे भरपूर साक्षीदार मिळतात. मराठी भावगीतांच्या सीडीला बरेचदा एकही मिळत नाही. अशा वेळी दोनदा वाचून दोन्ही प्रती सारख्या आल्या का ते बघणं, एवढंच हातात उरतं.

आता नावं.

कंप्यूटरला सीडीतलं काही कळत नसताना कधी कधी तो सगळी यादी धडाधड दाखवतो, ते कसं? तो ते आतल्या कडेचं कोष्टक वाचतो, त्यातून एक आकडा बनवतो आणि इंटरनेटवरच्या एका मोठ्या नोंदवहीत तो आकडा शोधतो. या युक्तीचं मूळ १९९०च्या दशकातल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. टी कान नावाच्या प्रोग्रॅमरनं सीडी वाजवण्यासाठी 'एक्सएमसीडी' लिहिला. त्यात ट्रॅकची नावं टाइप करून ठेवायची सोय होती. लोक एकमेकांना आपापल्या याद्या पाठवू लागले. स्टीव्ह शर्फ यांच्या मदतीनं त्यातून 'सीडीडीबी' ही सामायिक नोंदवही उभी राहिली. जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या सीडी पुस्तिकेत बघून, फुकटात, टाइप केल्या. १९९८मध्ये ही नोंदवही एका कंपनीनं विकत घेतली. पुढे तिचं नाव 'ग्रेसनोट' झालं, परवाना नसलेल्या प्रोग्रॅमना दार बंद झालं, आणि २००८मध्ये सोनीनं ती २६ कोटी डॉलरला घेतली. ज्यांनी टाइप केलं होतं त्यांना अर्थातच काही मिळालं नाही. चिडलेल्यांनी 'फ्रीडीबी' काढली. ती वीसेक वर्षं चालून २०२०मध्ये बंद पडली. रॉबर्ट काय यांनी २०००च्या सुमारास सुरू केलेली 'म्युझिकब्रेन्झ' मात्र टिकली. आज ती एका ना-नफा संस्थेच्या हातात आहे आणि कुणालाही दुरुस्त करता येते.

सीडीडीबीच्या जुन्या आकड्यात एक गंमत होती, ती आपल्या रागदारीला फार नडली. प्रत्येक ट्रॅक कितव्या सेकंदाला सुरू होतो त्या संख्यांतल्या अंकांची बेरीज, चकतीची एकूण लांबी आणि ट्रॅकची संख्या, एवढ्यावर तो बनत असे. बारा-पंधरा गाण्यांच्या पॉप अल्बमला हे पुरतं. पण एकाच ट्रॅकवर तासाभराचा दरबारी असेल तर? पहिला ट्रॅक नेहमी दुसऱ्याच सेकंदाला सुरू होतो, म्हणजे बेरीज ठरलेली, ट्रॅकची संख्या ठरलेली. वेगळेपणा उरला तो फक्त लांबीत. सीडीत जास्तीत जास्त ८० मिनिटं, म्हणजे ४,८०० सेकंद. जगातल्या सगळ्या एकट्रॅकी सीडींना मिळून पाच हजारही आकडे नाहीत! त्यामुळे दरबारी लावला आणि यादीत भलताच अल्बम आला, हे नशीब नव्हतं, गणित होतं. म्युझिकब्रेन्झचा आकडा सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत बघतो, तिथे अशी टक्कर क्वचित होते.

फ्रीडीबीत टक्कर टाळायला ११ विभाग होते : ब्लूज, कंट्री, जॅझ, रॉक, रेगे असे. एका विभागात एक आकडा एकदाच. तुमची जागा आधीच गेली असेल तर शेजारच्या विभागात बसा. ठाण्यातल्या एका संग्राहकांकडे मी बसलो होतो तेव्हा त्यांची भाची पडद्याकडे बघून म्हणाली, "मामा, हा यमन 'न्यू एज'मध्ये कसा काय?" मामांनी चष्मा वर केला. "अगं, 'क्लासिकल'मध्ये कुणी तरी आधी बसलं असेल." ते विनोद करत नव्हते; तसंच झालं असणार.

नोंद बरोबर सापडली तरी सुटका नाही, कारण ती कुणी तरी रोमन लिपीत, आपल्या मनानं टाइप केलेली असते. सुरुवातीच्या काळात तिथे देवनागरी भरायची सोयच नव्हती. पूरिया धनाश्री घ्या. 'राग' रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहितात. पूरियातला ऊकार कुणी एका अक्षरानं लिहितं, कुणी दोन ओ घालतं. पुढचा 'या' दोन तऱ्हांनी. धनाश्रीतला शेवटचा ईकार पुन्हा दोन तऱ्हांनी. गुणाकार केला तर एका रागाचे २४ राग होतात, आणि कंप्यूटरच्या लेखी ते २४ वेगळेच. माणसांचंही तेच. कुणी 'पंडित' लिहितं, कुणी 'पं.', कुणी नुसतं नाव. भीमसेन जोशींना २००८मध्ये भारतरत्न जाहीर झालं. त्यानंतरच्या काही सीडींवर किताबही नावाआधी बसला. एकाच कपाटातून उतरवलेले भीमसेन कंप्यूटरवर चार गायक होऊन बसतात. वर्णानुक्रम लावला की सगळे पंडित एका अक्षराखाली, सगळे उस्ताद दुसऱ्या अक्षराखाली, आणि किशोरीताई आमोणकर, 'गानसरस्वती' असल्या तर, तिसऱ्याच ठिकाणी. मला विचाराल तर फाइलमधून आदर काढून टाकावा. तो मनात असतो तेवढा पुरतो. पंडित-उस्ताद लिहून गायक सापडेनासा होत असेल तर त्यात त्याचा मान कसला?

देवनागरीत लिहायला गेलं तर वेगळीच अडचण. एमपीथ्री फाइलमध्ये नाव ठेवायची पहिली पद्धत १९९६ची. फाइलच्या शेवटी १२८ बाइटांचं एक शेपूट, त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. इंग्रजीत एका बाइटाला एक अक्षर. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खातं. 'भीमसेन जोशी' या नावाला, मधली मोकळी जागा धरून, बरोबर ३१ बाइट लागतात. म्हणजे शेवटची वेलांटी तुटते आणि जोशींचा जोश होतो. त्या शेपटातच संगीतप्रकारासाठी एक खानं होतं आणि ८० प्रकारांची ठरलेली यादी. तीत पोल्का होता, ख्रिश्चन रॅपही होता. ख्याल, ठुमरी, अभंग, लावणी यांतलं काही नव्हतं. आपल्यासाठी जवळचं खानं म्हणजे 'एथनिक'. पुढच्या आवृत्त्यांनी या मर्यादा काढून टाकल्या, आता हवं ते हव्या त्या लिपीत लिहिता येतं. तरी कितीतरी मोटारींचे प्लेअर आजही देवनागरीऐवजी चौकोन दाखवतात.

या सगळ्या तांत्रिक गोष्टी एक वेळ सुधारतील. मला जास्त खुपतं ते वेगळं आहे. गाणं, कलाकार, अल्बम ही तीन खानी पाश्चात्त्य पॉप संगीताच्या मापानं कापलेली आहेत. तिथे बँड स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो, स्वतःच गातो. मराठी श्रोता मात्र पिढ्यान्‌पिढ्या आकाशवाणीवर गीत, संगीत, स्वर या क्रमानं ऐकत आला. 'अभंग तुकयाचे' ही ध्वनिमुद्रिका घ्या. शब्द तुकोबांचे, चाली श्रीनिवास खळ्यांच्या, आवाज लताबाईंचा. कलाकाराच्या एका खान्यात लता मंगेशकर लिहिलं की तुकोबा आणि खळे दोघंही पडद्यावरून गेले. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ला रंगभूमीवर आलं. नाटक आणि पदं पुरुषोत्तम दारव्हेकरांची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५मध्ये त्यावर चित्रपट आला, गाणारे वेगळे, काही गाणी नवी. अल्बमचं नाव एकच. नाव जुळतंय म्हणून प्रोग्रॅम दोन्ही अल्बम एकात ओततो, आणि वसंतरावांचं पद संपलं की २०१५चा वाद्यमेळ सुरू होतो.

गीतरामायणाचं कोडं आणखी मोठं. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी गदिमांची ५६ गीतं प्रसारित झाली. संगीत सुधीर फडक्यांचं, पण गाणारे अनेक : स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आणि इतर. पुढे ज्या ध्वनिमुद्रिका घरोघरी गेल्या त्या सगळ्या फडक्यांच्या आवाजात. आज दोन्ही प्रकार लोकांच्या संग्रहात असतात. फाइलवर नुसतं 'गीतरामायण, सुधीर फडके, १९५५' लिहिलं तर त्यातलं काय खरं? संगीतकार म्हणून नाव खरं, गायक म्हणून कदाचित नाही. साल गीताचं खरं, ध्वनिमुद्रणाचं नाही. सालाच्या बाबतीत तर सीडीच दिशाभूल करते. मागे छापलेलं साल हे बहुतेकदा ती सीडी निघाल्याचं असतं. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या सीडीवर एकविसाव्या शतकातलं साल असतं, आणि प्लेअर ते विश्वासानं दाखवतो.

साथीदारांचं तर विचारूच नका. कुमार गंधर्वांच्या गाण्यामागे वसंत आचरेकरांचा तबला आहे हे ज्याच्या कानाला कळतं त्याला कळतं. पुस्तिकेत ते छापलेलं असतं, अगदी बारीक टाइपात, पण असतं. फाइलमध्ये ते क्वचितच उतरतं. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, पुरुषोत्तम वालावलकर यांनी जन्मभर गायकांच्या शेजारी बसून पेटी वाजवली, पण या पेटीवाल्यांच्या नावाचा शोध घेतला तर कंप्यूटर 'काही सापडलं नाही' म्हणतो. ते ध्वनिमुद्रण त्याच्या पोटात असतं तरी.

नाव आणि नाद वेगळे पडण्याची भीती आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा गायझबर्ग कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कसं कळणार? म्हणून गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत असे. माहिती थेट आवाजातच कोरलेली! सीडीच्या सुरुवातीच्या काळात ही युक्ती कुणाला सुचली नाही. १९९६मध्ये 'सीडी टेक्स्ट' आलं, चकतीतच नावं लिहायची सोय झाली. पण ती ऐच्छिक होती, त्यात रोमन आणि जपानी लिपीची व्यवस्था होती, देवनागरीची नव्हती. भारतीय कंपन्यांच्या सीडींत ती क्वचितच दिसते.

१९७७मध्ये नासानं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका अंतराळात पाठवली. तीत गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, साडेतीन मिनिटं. नासाच्या यादीतली नोंद वाचा : देश भारत, बंदिशीचं नाव, 'सूरश्री' किताबासकट केसरबाईंचं नाव, आणि 'राग' असा एक शब्द. कुठला राग ते लिहिलेलं नाही. भैरवी आहे. तबला-पेटीवर कोण होतं, तेही नाही. सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या नोंदीची ही अवस्था, तर ठाण्यातल्या पेनड्राइव्हला काय बोलायचं?

उपाय आहेत, आणि ते आपल्या संगीताला धरून झालेले आहेत. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११पासून काही वर्षं 'कॉम्पम्युझिक' हा प्रकल्प चालला. मुंबई आणि मद्रासच्या आयआयटी त्यात सहभागी होत्या. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचा कंप्यूटरनं अभ्यास करायचा तर आधी नीट नोंदी हव्यात, म्हणून त्या मंडळींनी शेकडो सीडींची माहिती म्युझिकब्रेन्झमध्ये भरली. राग आणि ताल नोंदवायची जागा तिथे आज आहे ती या कामामुळे. तबला कुणाचा, पेटी कुणाची, तानपुऱ्यावर कोण, हे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगवेगळं जोडता येतं. मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळानं गीत-संगीत-स्वर-राग अशी हजारो गाण्यांची मांडणी करून ठेवली आहे. पडताळायला त्याहून सोयीचं दुसरं साधन मला माहीत नाही. आणि जुन्या तबकड्यांचा प्रश्न आला तर मुंबईतल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींनी १९९०पासून केलेलं काम आहे. तबकडीचा क्रमांक वाचून ती कधी मुद्रित झाली हे सांगणारी माणसं त्यांच्यात आहेत.

घरी बसून करायचं असेल तर माझा सल्ला असा. सीडी आत घालण्याआधी पुस्तिकेचे आणि मागच्या कागदाचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि त्याच फोल्डरमध्ये टाका. पुढचं काही केलं नाही तरी एवढं केलेलं वाया जाणार नाही. मग 'पिकार्ड' हा म्युझिकब्रेन्झचा मोफत प्रोग्रॅम किंवा हातानं भरायला 'एमपीथ्रीटॅग'. संगीतकार आणि गीतकार यांची खानी त्यात आधीपासून आहेत, कुणी उघडत नाही एवढंच. फ्लॅक फाइलमध्ये तर स्वतःची खानी निर्माण करता येतात : राग, ताल, तबला, पेटी, नाटक. नावं देवनागरीत लिहा. मोटारीतल्या चौकोनांसाठी फाइलचं नाव तेवढं रोमनमध्ये ठेवा. रागाचं एकच रूप ठरवून ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा, नाहीतर महिन्याभरात स्वतःच्याच हातून चोवीस पूरिया धनाश्री तयार होतील. ध्वनिमुद्रणाचं साल आणि सीडीचं साल वेगळं लिहा. ध्वनिमुद्रणाचं साल ठाऊक नसेल तर खानं रिकामं ठेवा, अंदाज लिहू नका. फाइलमधला अंदाज दहा वर्षांनी पुरावा म्हणून फिरतो. एका सीडीला अर्धा तास लागतो. तीनशे सीडींना किती, तो हिशेब न केलेला बरा. आवडत्या पन्नासांपासून सुरुवात करावी.

कायद्याचं थोडक्यात : खासगी वापरासाठी योग्य मर्यादेत केलेल्या वापराला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अपवाद आहे. पण प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. तेवढ्या काळातल्या फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर वाटत सुटणं या अपवादात बसत नाही. माहितीला मात्र ही आडकाठी नाही. तबल्यावर कोण होतं हे साऱ्या जगाला सांगा.

आणि तसं सांगावं हीच विनंती आहे. मोठ्या कंपन्यांच्या सीडींची यादी आज ना उद्या कुणी तरी करेल. पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या, पणजीच्या लहान प्रकाशकांनी थोड्याशा प्रती काढलेल्या सीडी, संगीत मंडळांनी वर्धापनदिनाला वाटलेल्या मैफली, कुणा गुरुजींच्या शिष्यांनी पदरमोड करून काढलेले दोन भाग, यांची नोंद कुठेही नाही. ती फक्त तुमच्या कपाटातल्या चार पानी पुस्तिकेत आहे. दिवाळीच्या साफसफाईत सीडींचा ढीग रद्दीवाल्याकडे जाणार असेल तर जाऊ द्या. त्याआधी त्या पुस्तिका काढून घ्या, आणि रोज एक याप्रमाणे म्युझिकब्रेन्झमध्ये भरा. खातं उघडायला पैसे पडत नाहीत, आणि देवनागरी तिथे चालते.